रिकामी मूस

त्या वर्षी चातुर्मासात केवळबुवा महाराजांचा मुक्काम आसनखेडला होता. नदीच्या वळणावरचे हे लहानसे गाव. महाराज डोंगराईदेवीच्या देवळाच्या ओवरीत राहत, सकाळी आवार स्वतःच्या हाताने झाडत, आणि येईल त्याच्याशी पिकापाण्याच्या गोष्टी बोलत. उपदेश असा ते फारसा करीत नसत.

देवीचा पितळी मुखवटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीकुंकवाने इतका झिजला होता की नाक कुठे आणि ओठ कुठे, हे बोटांनी चाचपून पाहावे लागे. नवरात्राच्या आत नवा मुखवटा घडवावा असे गावाने ठरविले. तेथली रीत अशी की जुना मुखवटा वितळवून त्याच पितळेत नवा ओतायचा. आणखी एक रीत होती. मुखवट्याचा मेणाचा नमुना करायला घेण्यापूर्वी ओताऱ्याने गावापुढे उभे राहून, देवीने स्वप्नात आपल्याला कसे दर्शन दिले ते सांगायचे. दर्शन नाही तर काम नाही.

काम सुभाना ओताऱ्याकडे आले. त्याचा थोरला चुलतभाऊ केरोजी हा पंचक्रोशीतला नावाजलेला कारागीर, तीन गावांचे मुखवटे त्याच्या हातचे. पण आता त्याची नजर अधू झाली होती. काम धाकट्याकडे गेल्याचे शल्य त्याच्या मनात होते.

सुभानालाही स्वप्न पडे. पण ते सांगण्यासारखे नव्हते. नवे काम हाती आले की पहाटे तेच एक स्वप्न: तो साच्यात रस ओततो आहे, पितळ वितळवायची मूस रिकामी होते, आणि साचा अजून भरलेला नसतो. मागे माणसे उभी असतात. बस, एवढेच. घामाघूम होऊन तो उठे, मेण पुन्हा तोलून पाही, साच्याची हवेची छिद्रे तपासी, आणि मुशीत थोडे पितळ जास्तीचे घाली. म्हणून त्याच्या एकाही घंटेला कधी भोक पडले नव्हते. लोक म्हणत, सुभानाच्या हाताला गुण आहे. ते ऐकून तो ओशाळे. गुण कसला? नुसते भय! इतरांना देव दिसतो आणि आपल्याला पितळ कमी पडलेले दिसते, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

गाव जमले. महाराज एका बाजूला बसले होते.

"बोल रे सुभाना, दिसली का आई?" केरोजीने विचारले. "का तू अजून घोरतोसच आहेस?"

लोक हसले. सुभानाने खाली पाहिले आणि लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द बोलून टाकले, "पिवळं लुगडं नेसून दारात उभी होती. म्हणाली, मला घडव."

साऱ्यांनी हात जोडले. महाराजांनी त्याच्याकडे एकदा पाहिले मात्र, आणि सुभानाला वाटले, धरणीने पोटात घ्यावे.

मेणाचा मुखवटा सुरेख उतरला. त्यावर मातीचे लेप बसले, आतले मेण तापवून काढले आणि साचा तयार झाला. पितळ तोलण्याच्या दिवशी सुभानाने सवयीप्रमाणे शेरभर तुकडा वरून ठेवला. केरोजी गावच्या चार माणसांबरोबर तेथे बसलाच होता.

"हे कशाला? मेणाच्या वजनानं हिशेब लागला की!"

"असू द्या दादा. कमी पडायला नको."

"कमी पडतंय कशानं? उरलेलं ओताऱ्याचं, हे काय आम्हाला ठाऊक नाही? आईच्या मुखवट्यातनं बायकोला तांब्या करतोस होय रे?"

पुन्हा हशा झाला. सुभानाचे कान तापले. आपल्या स्वप्नामुळे हे ठेवतो, असे सांगावे तर कोणते स्वप्न? गावाला तर त्याने दुसरेच सांगितले होते! त्याने मुकाट्याने तो तुकडा उचलून बाजूला टाकला.

संध्याकाळी तो ओवरीत जाऊन महाराजांच्या पायाशी बसला.

"काही सांगायचं होतं का, सुभाना?" महाराज म्हणाले.

"नाही महाराज. सहज आलो होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या आवारात भट्टी पेटली. जुना मुखवटा मुशीत गेला आणि पाहता पाहता त्याचे पाणी झाले. बायाबापड्यांनी डोळे पुसले. सुभानाने चिमट्याने मूस उचलली आणि साच्याच्या तोंडात धार धरली. मुखवटा साच्यात उलटा होता. कपाळ खाली, हनुवटी वर. धार बारीक झाली. थेंब झाली. थांबली. साच्याचे तोंड मात्र कोरडेच होते.

जुनी देवी गेली होती आणि नवी झाली नव्हती! मागे माणसे उभी होती, अगदी तशीच.

"बुडवलंस गावाला!" केरोजी ओरडला. "आई मला घडव म्हणाली होती ना तुला?"

सुभाना गुडघ्यांवर बसला. हातात मूस तशीच होती.

"नव्हती म्हणाली," तो म्हणाला. "आई मला कधीच दिसली नाही. मी खोटं बोललो. मला दिसते ती ही रिकामी मूस. तीस वर्षं हेच दिसतं. लाजेपायी सांगितलं नाही, आणि लाजेपायीच काल पितळ काढून ठेवलं."

कोणी हसले नाही. महाराज ओवरीतून उठून भट्टीजवळ आले.

"वेड्या, तीस वर्षं दर कामाला ती पहाटे येऊन तुला सांभाळून घेत होती. लुगडं नेसून आली नाही म्हणून तू तिला ओळखलं नाहीस. आता ओत."

"मुशीत काही नाही, महाराज."

"ओत म्हटलं ना!"

सुभानाने डोळे मिटून रिकामी मूस तिरपी केली. आणि काय आश्चर्य! मुशीच्या कोरड्या ओठावरून सोन्यासारखी धार निघाली, साचा तोंडापर्यंत तुडुंब भरला आणि धार थांबली. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

साचा निवल्यावर फोडला. देवीचे मुख पूर्ण उतरले होते. दोन रस जेथे मिळाले, तेथे ओठांखाली केसाएवढी एक रेघ राहिली. सुभानाने ती घासून काढण्यासाठी कानस उचलली, तेव्हा महाराजांनी त्याचा हात धरला.

मग ते केरोजीकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "केरोजी, तुम्हाला तिन्ही वेळेला आई कशी दिसली होती हो?"

केरोजीने मान खाली घातली.

"पिवळं लुगडं..." एवढेच तो म्हणाला आणि त्याला रडू कोसळले. "महाराज, आमच्या बापानं ते पाठ करून घेतलं होतं. मला तर कधी काहीच दिसलं नाही. भीतीसुद्धा नाही."

तो महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकला. महाराज हलकेच एक पाऊल बाजूला झाले. अधू नजरेच्या त्या म्हाताऱ्याचे कपाळ सुभानाच्या राखेने माखलेल्या पायांवर टेकले. सुभाना शरमेने मागे सरकू लागला, पण केरोजीने त्याचे पाय घट्ट धरून ठेवले होते.