गांडूळमावशींचा पाहुणा

कारखाना नवा होता आणि ओढ्यात अजून मासे होते, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी गांडूळमावशी राहायच्या. दारी येईल त्याची माती करून दाखवायची, हा त्यांचा तोरा. शेणाचा पो आठ दिवसांत, मेलेला बेडूक महिन्याभरात!

एके दिवशी कारखान्याच्या नळातून एक चकचकीत थेंब त्यांच्या दारात आला. मावशींनी त्याला गिळलं. तो जसाच्या तसा बाहेर आला. पुन्हा गिळलं, पुन्हा तेच. मग त्यांनी त्याला उन्हात वाळत घातलं. त्याचं एक टोक तेवढं झिजलं.

"दमलात, मावशी," थेंब अदबीने म्हणाला. "मला काही घाई नाही."

मावशी खवळल्या. पावसाचा लोंढा येताच त्यांनी पाहुण्याला ओढ्यात लोटून दिलं आणि शेजारच्या गोगलगायीला सांगितलं, "गेली एकदाची ब्याद!"

"गेली, पण कुठे?"

"ते ओढ्याने बघावं."

ओढ्यात तसले थेंब आणखीही होते. ते किड्यांच्या पोटात गेले, किडे मासोळ्यांच्या आणि मासोळ्या बगळ्याच्या. वर्षभराने तो बगळा सुकत सुकत मावशींच्याच दारात येऊन मरून पडला.

मावशींना भरून आलं, पण सवय कुठली सुटायला! "ये बाळा, तुझी छान माती करते," म्हणत त्यांनी पहिला घास घेतला.

आतून ओळखीचा आवाज आला, "बऱ्या आहात ना, मावशी? या खेपेला एकटा नाही आलो. बगळ्याच्या पोटात सगळी भावंडं भेटली."