तेवीस कॉलेजांची यादी

"पण महाराज, सगळी कॉलेजं सारखीच कशी असतील?"

शाल्मलीने नमस्कार करायच्या आधीच हे विचारलं. तिचे वडील, भानुदास डुंबरे, अजून टेकडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर धापा टाकत होते.

पोरगी अठरा वर्षांची. प्रवेशपरीक्षेत मार्क भरघोस पडलेले, दातांची डॉक्टर व्हायचं हे पक्कं. कुठे शिकायचं, यावरून मात्र बापलेकीत आठ दिवस अबोला होता. शनिवारी पाचच्या आत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. आज मंगळवार.

अच्युतनाथ महाराज मठाच्या ओट्यावर फुटाणे खात बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी दोघांसमोर मूठमूठ फुटाणे ठेवले.

"तुम्हीच सांगा हिला," भानुदास म्हणाला. तो एसटीत कंडक्टर. आवाज भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. "माणसाला दात बत्तीस. लांबच्या कॉलेजात काय चौतीस शिकवतात? आपल्या घराजवळ कॉलेज आहे. सकाळी डबा घेऊन जाईल, संध्याकाळी घरी."

"अण्णा, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

शाल्मलीने फाइल उघडली. आत तीन पानं होती, रकाने चार रंगांत रंगवलेले.

"तेवीस कॉलेजं, महाराज. पहिल्यापासून तेविसाव्यापर्यंत नंबर लावलेत. पहिलं म्हणजे नुसती काचेची इमारत. खुर्च्या परदेशी."

"यादी कोणी केली?"

"मी."

"यातली पाहिलीस किती?"

"सगळी पाहिली."

"सगळी?"

"म्हणजे... वेबसाइटवर."

महाराजांनी एक फुटाणा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग तिच्याकडे सरकले आणि आ वासला.

शाल्मली गोंधळली.

"बघ," महाराज तोंड न मिटताच म्हणाले. "डॉक्टर होणार ना?"

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि वाकून पाहिलं. दात मोजकेच उरले होते. त्यातल्या दोन दाढा भरलेल्या. डावीकडची इतकी बेमालूम भरलेली, की दाढ कुठे संपते आणि सिमेंट कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. उजवीकडच्या दाढेतलं सिमेंट खचलेलं, कड तुटलेली, बाजूला काळी फट.

"आता सांग. कुठली दाढ कुठल्या कॉलेजची?"

शाल्मली खुलली. हा तर तिच्या हातचा मळ.

"डावी पहिल्या पाचातल्या कॉलेजची. उजवी भरणारा विसाव्याच्या खालचा."

"दोन्ही एकाच डॉक्टरने भरल्यात."

ती थबकली, पण क्षणभरच. हुशार पोरगी.

"कळलं महाराज! उजवी आधीची, तेव्हा तो नवशिका होता. डावी नंतरची. अनुभवाने हात बसला."

"उजवी नंतरची."

"...नंतरची? मग मधल्या काळात काय झालं त्याला?"

"नाव झालं."

भानुदास मांडीवर थाप मारून हसला. "बघ! मी काय म्हणत होतो? कॉलेजवर काही नसतं! आता मुकाट्याने घराजवळचं भर."

महाराज त्याच्याकडे वळले.

"भानुदास, गेल्या दिवाळीत तुझी दाढ ठणकत होती. कुठे दाखवलीस?"

"पुण्याला."

"तालुक्याला दवाखाना नाही?"

"आहेत की. पाच आहेत. सगळे आपल्या इथल्याच कॉलेजात शिकलेले."

"मग?"

भानुदासने फुटाणे उचलले, पुन्हा खाली ठेवले.

"तिथे... तिथे जायला धीर होईना, महाराज."

"का? दात तर बत्तीसच."

भानुदासने चार फुटाणे एकदम तोंडात कोंबले. आता शाल्मलीला हसू फुटलं, ते तिने फाइलीआड दाबलं. वडिलांकडे बघून तिला थोडं वाईटही वाटलं.

"म्हणजे कॉलेजाकॉलेजात फरक असतो?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक? मी बैरागी माणूस."

"मग मी बघू तरी काय?"

"दाराशी बस. आत कोण जातं बघ, बाहेर कोण येतं बघ."

बुधवारी ती वडिलांबरोबर घराजवळच्या कॉलेजात गेली. तिथे दवाखान्याचं दार बंद होतं. रखवालदार म्हणाला, "पेशंट आला की उघडतो."

गुरुवारी सकाळी भानुदासने स्वतःहून डबा बांधला आणि तिला मुक्कामाच्या गाडीत बसवलं.

तिने आधी यादीतलं पहिलं कॉलेज गाठलं. काच होती, लख्ख होती. परदेशी खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बारा वाजेपर्यंत एकच माणूस आत आला. मुलं धावत त्याच्याभोवती जमली. त्याला बस स्टँडचा रस्ता विचारायचा होता.

शुक्रवारी ती एका जुन्या कॉलेजाच्या बाकावर बसली. यादीत त्याचा नंबर चौदावा. भिंतींचे पोपडे उडालेले, पंख्याला कुरकुर, आणि पेशंटांची रांग थेट फाटकापर्यंत. गालाला हात लावून आत गेलेले लोक मोकळ्या चेहऱ्याने बाहेर येत होते. दाराच्या फटीतून शाल्मलीला आतली एक खुर्ची दिसली. तिच्याच वयाची वाटावी अशी मुलगी एका भाजीवाल्या बाईंची दाढ भरत होती. मागे पांढऱ्या केसांचे सर उभे. मुलीने भरलं. सरांनी तोंडात छोटा आरसा घालून पाहिलं.

"काढा. पुन्हा भरा."

मुलीने पुन्हा भरलं.

"काढा."

बाईंचा जबडा अवघडला होता, मुलीचे डोळे भरले होते. सर तिथून हलले नाहीत. तिसऱ्यांदा भरून झालं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

शनिवारी सकाळी शाल्मली एकटीच टेकडी चढून आली. रंगीत पानं घरीच राहिली होती. या खेपेला तिने नमस्कार आधी केला.

"महाराज, सापडलं कॉलेज! चौदावं होतं, आता ते पहिलं लिहिणार. अण्णाही तयार झालेत."

तिने सगळं सांगितलं. रांग सांगितली, सर सांगितले, तीनदा भरलेली दाढ सांगितली. महाराज डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, तशी तिला आणखी हुरूप आला.

"ती मुलगी जरा कच्ची होती, महाराज. मी असते ना, तर पहिल्याच खेपेला बरोबर भरलं असतं."

महाराजांनी डोळे उघडले.

"मग पोरी, ते कॉलेज तुझ्या काही कामाचं नाही."