दयाळाची तान

माणसांनी कायदे लिहिले त्याच्याही आधी एका उंबरावर दयाळ पक्षी राहायचा. त्याने एक तान रचली. शेजारची साळुंकी पिल्लांना निजवताना ती गुणगुणू लागली.

दयाळ संतापला. "तान माझी आहे. मी मेल्यावरही सात पिढ्या कुणी गायची नाही!"

"भाऊ, चारचौघांत नाही हो गात मी. माझ्या ढोलीतसुद्धा नको?"

"ढोलीतही नको."

साळुंकीने ती तान गुणगुणणं सोडलं. पिल्लं तानेविनाच मोठी होऊन उडून गेली.

दयाळ हिवाळाभर मुका असे. म्हातारपणी एका वसंतात त्याने गळा उघडला, तर तानेचा शेवट काही केल्या आठवेना.

"साळुंकीताई, तुला येते का गं?"

"येत होती, भाऊ. तुम्हीच विसरायला लावलीत."

सात पिढ्या राखायची ती तान उंबरावर अर्धीच, पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली.