मुका केलेला वायपर

गुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आश्रम येतो, वटवृक्ष येतो, छातीवर रुळणारी पांढरी दाढी येते. या गोष्टीतल्या गुरूला दाढी नव्हती आणि त्याच्या सदऱ्यावर ग्रीसचे डाग होते, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढे कुणी तक्रार करायची नाही.

घाटाच्या पायथ्याशी, चढ सुरू होण्याआधी गाड्या क्षणभर दम खातात त्या वळणावर, या गुरूचं, म्हणजे एका वृद्ध मिस्त्रीचं, पत्र्याचं गॅरेज होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली रघुवीर नावाचा शिष्य होता. शिष्य म्हणजे काही लहान पोर नव्हे, चांगला बत्तीस वर्षांचा घोडा. हात विलक्षण चपळ, बुद्धी तल्लख, स्वभावही प्रेमळ. दोष एकच. गिऱ्हाइकाची कुरकुर त्याला क्षणभर सहन होत नसे. गाडीवाल्याने तोंड उघडलं की ते लवकरात लवकर बंद कसं होईल, एवढंच तो पाही.

घरीही तेच. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. होळीच्या सुमारास आईने सुरू केलं होतं, "रघू, डावा डोळा ठणकतो रे. दिव्याकडे बघितलं की भोवती रंगीत कडी दिसतात." हे ती रोज सांगे. त्यातच नळाला पाणी नाही, शेजारणीच्या कोंबड्या अंगणात घाण करतात, गुडघा धरलाय, असं सगळं एका दमात येई. कुठलं दुखणं आणि कुठलं गाऱ्हाणं, हे वेगळं काढायला ऐकणाऱ्याला जरा बसावं लागलं असतं. एका संध्याकाळी रघुवीर दमून आला होता. त्याने ताट पुढे सरकवलं आणि ओरडला, "आई, पुरे कर! हेच ऐकायला येतो का मी घरी?"

आई गप्प झाली. त्या दिवशी झाली ती झालीच. रघुवीरला दोन दिवस चुटपुट लागली, मग सवय झाली आणि मग चक्क बरं वाटू लागलं. श्रावणात एकदा आबांनी सहज विचारलं, "काय रे, आई काय म्हणते?"

"काही म्हणत नाही आबा! हल्ली एकदम शांत आहे. घरात कटकट म्हणून नाही."

आबांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. 

त्याच दुपारी तांदळाचे एक व्यापारी आपली मोटार घेऊन आले. बाहेर पाऊस लागलेला. मोटारीत मागे त्यांची पत्नी आणि दोन नातवंडं बसली होती. घाट चढून पलीकडे जायचं होतं. मोटार सहा महिने शेडमध्ये उभी होती आणि आता वायपर लावला की काचेवर थडथड, थडथड उड्या मारत परत येत होता. त्यात मधूनच अशी करकर होई की नातवंडांनी कानात बोटं घातली होती.

"अहो, डोकं उठलं माझं," व्यापारी म्हणाले. "काही करा, पण हा आवाज बंद करा."

रघुवीरला एवढंच हवं होतं. त्याने कापडाचा एक बोळा डिझेलमध्ये बुडवला, काचेवरून फिरवला आणि वायपरच्या रबरालाही चोळला. हा उपाय रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना ठाऊक असतो. त्याने वायपर सुरू केला. काय सांगावं! लोण्यातून सुरी फिरावी तसा वायपर गुपचूप फिरू लागला. व्यापाऱ्यांनी रघुवीरच्या पाठीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात हात!" रघुवीरच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

इतक्यात आबा आतून बादली घेऊन आले. बादलीत कपडे धुण्याच्या पावडरचा फेस होता. त्यांनी सगळी काच घासली, पुन्हा पुन्हा धुतली, रबर पुसून कोरडं केलं आणि वायपर लावला.

थडथड, थडथड. करकर.

व्यापारी थक्क झाले. मग भडकले. "अहो मिस्त्री, हा काय खुळेपणा? चांगला बंद केलेला आवाज तुम्ही परत आणलात?"

"हो," आबा म्हणाले. "आणलाच. रागावू नका. पाच मिनिटं बसा."

रघुवीरचा चेहरा पडला. चारचौघांत आपलं काम पुसून टाकलं म्हणून त्याच्या कानाची पाळी तापली. पण आबांनी त्याला जवळ बोलावून वायपरसमोर वाकायला लावलं. वायपर जाताना मुकाट जात होता, थडथडत होता तो येताना. सहा महिने एकाच बाजूला दबून रबर तसंच ताठलं होतं. येताना त्याने उलट्या अंगाला वळायचं, तर ते वळतच नव्हतं. शिवाय वायपरचा दांडा कुणाच्या तरी हाताने थोडा पिळला गेला होता, त्यामुळे रबर काचेवर सरळ उभं न राहता कललेलं होतं. आबांनी पकडीने दांडा किंचित मुरगळून सरळ केला, नवं रबर घातलं आणि वायपर लावला. तो दोन्ही बाजूंना शांतपणे फिरला आणि काच अशी स्वच्छ झाली की समोरच्या डोंगरावरची झाडं मोजून घ्यावीत.

गाडी चढाला लागली. रघुवीर घुश्शातच होता. "आबा, आवाज तर माझ्याही उपायाने गेला होता."

आबा बाकावर बसले. त्यांनी हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "गेला नव्हता, तू त्याला मुका केला होतास. रबर ओरडत होतं, माझं काहीतरी वाकडं झालंय म्हणून. तू त्याला तेल चोळलंस. ते गप्प बसलं, पण वाकडं होतं ते वाकडंच राहिलं, आणि काचेवर तेलाचा पडदा बसला. वर घाटात धुकं असतं. समोरून ट्रक आला असता, तर त्याच्या दिव्यांचा उजेड काचभर फासला गेला असता. त्या पोरांच्या आजोबांना रस्ता दिसला नसता, आणि गाडीत सगळी शांतता आहे म्हणून ते निर्धास्त असते. बाबा रे, ओरडणाऱ्या वायपरची मला भीती नाही वाटत. तेल लावून गप्प केलेल्याची वाटते."

बाहेर पाऊस पडतच होता.

"हे मला कुणी शिकवलं नाही," ते म्हणाले. "माझी मंडळी रोज म्हणायची, पोटात दुखतंय. मी म्हणायचो, तुझं रोजचंच आहे. एक दिवस ती म्हणायची थांबली. मला वाटलं, बरी झाली." "तीन महिने, ती जाईपर्यंत, मी त्या घरात सुखाने जेवलो, रघू."

रघुवीरने खुंटीवरची छत्री घेतली आणि तो घरी निघाला. आबांनी त्याला थांबवलं नाही.

आई चुलीपाशी चहा करत होती. त्याने विचारलं, "आई, डोळा कसा आहे गं?"

"बरा आहे."

"ठणकतो का अजून?"

"नाही रे. मला काही होत नाही. तू बस, चहा घे."

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच शांत आवाजात. काच फेसाने धुतली की आवाज लगेच परत येतो, माणसाचं तसं नसतं, हे त्याला आता कळत होतं. तेवढ्यात आईने चहा ओतला. निम्मा चहा कपात पडला आणि निम्मा कपाशेजारी जमिनीवर. गेल्या महिन्यातही असाच सांडला होता. तेव्हा रघुवीरने नुसतं फडकं मागितलं होतं.

तो तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसला आणि त्याने आपला हात तिच्या चेहऱ्याजवळ नेला. तिची पापणीही हलली नाही. रघुवीर ढसाढसा रडला. आई गोंधळून त्याला चाचपत म्हणाली, "काय झालं रे? गॅरेजात काही झालं का?"

दुसऱ्या दिवशी तो तिला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग ते म्हणाले, "डोळ्यातला दाब वाढत गेला होता. डाव्या डोळ्याची नजर आता परत यायची नाही. उजवी आपण औषधांनी जपू, अजून वेळ आहे." आणि चष्मा काढत त्यांनी विचारलं, "पण याची लक्षणं आधीपासून असणार. डोळा ठणकतो, दिव्याभोवती कडी दिसतात. आजी, तुम्ही कुणापाशीच बोलला नाहीत?"

आई घाईघाईने म्हणाली, "नाही हो. माझाच वेंधळेपणा. पोराला कामाचा व्याप, त्याला कशाला सांगायचं? मीच बोलले नाही."

"बोलली होती, डॉक्टर," रघुवीर म्हणाला. त्याची मान खाली होती, पण शब्द स्पष्ट होते. "रोज बोलत होती. मीच तिला गप्प केलं."

आईने पदराआडून त्याच्या दंडाला जोराचा चिमटा काढला. "गप रे! चार लोकांत काय वाट्टेल ते बोलतोस? आणि छत्री कुठे ठेवलीस ती? हरवली असशील, तुला काही सांभाळता येत नाही. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नाही, गुडघा तर नुसता..."

रघुवीर तिच्याजवळ खाली बसला. "हं," तो म्हणाला, "गुडघ्याचं सांग. कधीपासून?"