शेवटच्या रांगेची तानूबाई

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या शहरात विजेचे दिवे नव्हते आणि नाटकं कापडी कनातीत व्हायची, तेव्हाची ही हकीकत. नदीकडच्या कुंभारवाड्यात म्हाळू कुंभार आणि त्याची बायको तानूबाई राहायचे. म्हाळूला नाटकाचं भारी वेड. पण तिकिटाला पैसे कुठून आणायचे? तो कनातीबाहेर उभा राहायचा. आत लोक हसले की हाही हसायचा, का ते न कळताच.

म्हाळूची एक रीत होती. आव्यातून भाजून निघालेल्या प्रत्येक रांजणात तो तोंड घालायचा आणि हाक मारायचा, "तानू, पोचलं का गं?" तानूबाई आत चुलीपाशी असायची. आवाज घुमून तिच्यापर्यंत नीट आला तर ती म्हणायची, "पोचलं!" मग तो रांजण बाजारात जायचा. ती गप्प राहिली तर रांजणाला कुठेतरी चीर आहे असं समजायचं. तिच्या होकाराशिवाय त्यानं कधी एक मडकं विकलं नाही.

एका उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. तानूबाई नदीवर धुणं धुवायला गेली होती. परत येऊन बघते तर म्हाळू अंगणात नव्या रांजणाच्या गळ्याला मिठी मारून पडलेला, अंग गार. शेजारीण म्हणाली, "मघा तुला हाक मारत हुता बाई. म्या ऐकली." तानूबाईच्या हातातलं धुणं मातीत पडलं. त्या एका हाकेला उत्तर द्यायचं राहून गेलं, याचं दुःख तिला नवरा गेल्याच्या दुःखाइतकंच झालं.

असं म्हणतात, की त्याच दिवशी दिवेलागणीला रिकाम्या अंगणातला तो रांजण बोलला, "तानू, पोचलं का गं?"

तिची बोबडी वळली. ती गप्प राहिली, तर चुलीतली लाकडं जळत होती पण तडतडेनात. दाराची कडी हलली पण वाजेना. सगळं घर जणू कुणी गिळून टाकलं. मग तिनं कसंबसं म्हटलं, "पोचलं, धनी." तसा लाकडांचा आवाज आला आणि कडी खडखडली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी उत्तर द्यायची. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं. ती कुणाला काही सांगायच्या भानगडीत पडली नाही.

पुढे संस्थानच्या सरकारांनी पक्कं नाटकगृह बांधायला काढलं. सागवानी खांब, घोड्याच्या नालासारखा वळलेला सज्जा, वर उंच कौलारू छप्पर. रंगमंचाच्या फळ्यांखाली आवाज घुमावा म्हणून रांजण पुरायचे ठरले. काम हैबती मिस्त्रीकडे होतं. रांजण घडवले तानूबाईच्या दिरानं, कारण कुंभाराच्या घरात बाई चाकाला हात लावत नाही. भाजले मात्र तिनं.

नाटकगृह उभं राहिलं, पण मधल्या खड्ड्यातला रांजण काही टिकेना. भाजताना तडकायचा, नाहीतर बसवताना फुटायचा. गायक मंचावरून गळा फाडायचा आणि मागच्या बाकांवर नुसती गुणगुण पोचायची.

हैबती मिस्त्री कुंभारवाड्यात येऊन ओट्यावर बसला. "वैनी, सरकार म्हणत्यात शेवटची रांगच काढून टाका. ऐकायलाच येत न्हाई तर गरिबानं बसावं कशाला?"

तानूबाईला कनातीबाहेर उभा असलेला म्हाळू आठवला. तिनं अंगणातल्या रांजणाकडे पाहिलं. तो दिला तर तिला संध्याकाळी कोण हाक मारणार? न दिला तर म्हाळूसारखी माणसं कायमची बाहेर. ती बराच वेळ रडली. मग पदरानं रांजण पुसून म्हणाली, "न्या. पर शेवटच्या रांगेत मला जागा पायजे, हरेक खेळाला. त्याला जाब द्यायला मी लागते."

पहिल्या खेळाला नांदी झाली आणि शब्दन् शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला. टाळ्या थांबल्या तेवढ्यात फळ्यांखालून एका पुरुषाचा आवाज आला, "तानू, पोचलं का गं?" सरकारांच्या अंगावर काटा आला. शेवटच्या रांगेतून शांतपणे उत्तर गेलं, "पोचलं, धनी." मग खेळ रंगला. प्रत्येक खेळाला असंच होऊ लागलं.

तानूबाई म्हातारी झाली. एकदा तापानं फणफणली आणि खेळाला आली नाही. नवीन मॅनेजर म्हणाला, "एका म्हातारीसाठी नाटक थांबवायचं?" त्यानं घंटा दिली. नांदीनंतर प्रश्न आला. कुणी बोललं नाही. प्रश्न पुन्हा आला, या वेळी फार कळवळून. आणि मग गायकाचे ओठ हलत राहिले, तबल्यावर थाप पडत राहिली, पण आवाज नाही. मागच्या बाकांवरचं एक तान्हं मूल तोंड वासून रडत होतं आणि त्याच्या आईला ते ऐकू येत नव्हतं. लोक बाहेर पळाले, तर त्यांच्या पावलांचाही आवाज होईना.

हैबती मिस्त्रीच्या मुलांनी तानूबाईला बाजेवर घालून आणलं. ती पुटपुटली, "पोचलं, धनी." तसं गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. गाणं, तबला, किंकाळ्या आणि त्या लेकराचं रडणं.

पळालेले लोक परतले. तानूबाईनं शेवटच्या रांगेतल्या हमाल, विणकर, भाजीवाल्या बायांना जवळ बोलावलं. "माझं आता भरत आलं. त्याला येकदा उत्तर मिळालं न्हाई, त्यातच तो गेला. आता पुन्यांदा तसं हू देऊ नका. तुम्ही म्हना." ते ऐकताना हमालांचेही डोळे भरून आले. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि संपला तेव्हा ती बाजेवरच गेली होती.

आता त्या इमारतीला जुनी वास्तू म्हणून संरक्षण मिळालं आहे. दुरुस्तीवाल्यांनी फळ्या उचलल्या, बाकीचे रांजण काढून पाहिले, नकाशात मांडले. मधल्या रांजणाला मात्र कुणी हात लावला नाही. शेवटच्या रांगेतल्या कडेच्या, तानूबाईच्या जागेवरच्या खुर्चीचं तिकीट अजून विकत नाहीत. नांदी झाली की सगळं नाटकगृह गप्प होतं. मंचाखालून काही ऐकू आलं असं कुणी म्हणतं, कुणी नाही म्हणतं. पण स्वस्तातलं तिकीट काढून मागे बसलेली माणसं एका सुरात म्हणतात, "पोचलं!" नवख्याला शेजारचा कोपरानं ढोसून सांगतो.

आणि असं म्हणतात, की त्यांच्यात एका बाईचा आवाज जास्तीचा असतो. तो सगळ्यांच्या जरा आधी येतो, पुन्हा उशीर व्हायला नको म्हणून.