वाडीच्या पाळण्याचं लाकूड

“...मग शिसव नाय, तर काय हाय हे, अक्का?”

जालिंदरचा आवाज चढला होता. हौसाक्का पाळण्याच्या दांड्याला नाक लावून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

पाळणा सगळ्या वाडीचा. एकच. ज्या घरी बारसं, त्या घरी जायचा, आणि परत धाडताना त्या घरची म्हातारी त्याला खोबरेल चोळून धाडायची. असं किती पिढ्या चाललं, कोण मोजतंय! चोळून चोळून तो काळा कुळकुळीत झालेला. अक्काच्या हाताखाली काम करणाऱ्या जालिंदरनं उभ्याउभ्या बघितलं, ‘शिसव’ म्हणून ठोकून दिलं आणि एका दांड्याला व्हार्निश फासलं.

चार दिवस झाले. दांडा चिकटच. माशी बसली तर उडेना.

आणि रविवारी बारसं कुणाचं? त्याच्याच बहिणीच्या, कुसुमच्या, लेकीचं. नऊ वर्षांनी कूस उजवली होती बाईची. वाडीतल्या बायका आत्ताच कुजबुजायला लागल्या होत्या, की भावानंच पाळण्याची माती केली, आता बाजारातला प्लास्टिकचा आणा.

“किती लाकडं ओळखतोस रं?” अक्कानं विचारलं.

“सोळा!” जालिंदर ताठ झाला. “तालुक्याला सुतारीच्या परीक्षेत पैला आलोय.”

“मग सतरावं तुला जन्मात भेटायचं नाय. येईल ते सोळातच कोंबशील.”



हौसाक्का काही परीक्षा देऊन सुतारीण झालेली नव्हती. नवरा गेला, तिसऱ्या महिन्यात तिनं त्याचा रंधा उचलला. तेव्हा हसलेले लोक आता चौकट बसवायला तिच्याच दारात उभे राहतात.

“उलटा कर.”

त्यानं पाळणा उलटा केला. अक्कानं तळाची पाचर ठोकून काढली, दांडा उपसला. सांध्यात दडलेलं टोक बाहेर आलं. तिथं ना तेल पोचलं होतं, ना कुणाचा हात. पटाशीनं तिनं पातळ ढलपी काढली आणि जालिंदरच्या तळहातावर ठेवली.

मधासारखा रंग.

जालिंदरचं तोंड उतरलं. शिसव असतं तर आतून जांभळट काळं निघालं असतं.

“आता बोल.”

त्यानं वास घेतला. सागाचा नव्हता. नखानं दाबलं, नख उमटेना. म्हणजे मऊ लाकडाची शिवणही नाही. ढलपी पाण्याच्या वाटीत टाकली, बराच वेळ बघत राहिला... पाणी जसंच्या तसं. बिबळा असता तर पाण्याला रंग सुटला असता. खैर, फणस, बाभूळ... एकेक करत सोळाच्या सोळा गळाले.

“अक्का...”

“हं.”

“मला... नाय माहीत.”

“सुटलास एकदाचा!”

तिनं वाटीतली ढलपी उचलली, दाढेखाली धरली, चावली. डोळे मिटले. जालिंदर पुढं सरकला. आता नाव येणार.

अक्का थुंकली.

“मला बी नाय माहीत.”

“काय?” तो उडालाच. “तीस वर्षं झाली की तुला लाकडात!”

“मग? तीस वर्षांत सगळं रान माझ्या दारात येऊन गेलं व्हय?”

“अगं पण परवा रविवार! ज्याचं नाव ठाऊक नाय, त्याला हात कसा लावायचा? परत काही बिघडलं तर? कुसुमला काय तोंड दाखवू मी?”

अक्कानं तेलाची बाटली ओढली. तळाच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तिनं खोबरेलाचे दोन थेंब सोडले आणि अंगठ्यानं चोळले.

दोघंही बघत बसले.

...तेल हळूहळू आत गेलं. तिनं जालिंदरचं बोट धरून तिथं टेकवलं. कोरडं. मग तेच बोट धरून व्हार्निशच्या दांड्यावर टेकवलं. चिकटलं.

तो कितीतरी वेळ दोन्ही जागा चाचपत राहिला.

“व्हार्निश खरवडून काढतो,” तो हळूच म्हणाला. “पण अक्का, नाव...?”

हौसाक्कानं तेलाचं फडकं त्याच्या अंगावर फेकलं.

“कुसुमच्या लेकीला तरी कुठं नाव हाय अजून? म्हणून आज तिला न्हाऊमाखू घातलं नाय व्हय?”