जखमेची हाक

एका देहात, कातडीखाली, जखमा सांधणारी एक म्हातारी पेशी राहायची. सगळ्या तिला आजी म्हणत. देह पोरवयाचा होता तेव्हा रोज गुडघा फुटायचा आणि तिला हाक यायची. देह मोठा झाला, पडेनासा झाला. आजी वाट बघत राहिली.

एके दिवशी शेजारची पेशी म्हणाली, "आजी, जखम झालीय. रक्ताची वाट इकडे वळवा, पेशींमधले धागे सैल करा."

"आले गं." हाक आली की आधी धावायचं, ही जखमा सांधणाऱ्या पेशींची रीत. आजीने सगळं केलं.

शेजारीण वाढतच गेली. तिच्या लेकी सैल धाग्यांमधून रक्ताच्या वाटेला लागल्या.

"अगं, पण जखम कुठाय?" आजीने विचारलं. कुणी थांबलं नाही.

मग लांबून, यकृताकडून, त्या लेकींच्या आवाजात तीच हाक आली, "आजी, जखम झालीय." आजी उठायला गेली. तेवढ्यात तिकडचीच एक जखमा सांधणारी म्हातारी हरखून म्हणाली, "आले गं."